सुलभाताई सांगतील तसं

तातेरावांनी कॉम्प्युटर शिकायचं मनावर घेतलं, ते कॉम्प्युटरसाठी नव्हेच. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे ऑफिसात, गल्लीत आणि पार पुण्यापर्यंत जे रामायण घडलं, त्यात बिचाऱ्यावर नाही नाही ते आळ आले; खरं कारण मात्र कुणी विचारलं नाही.

खरं कारण असं, की त्यांना करमत नव्हतं.

तातेराव हे नवीन जालन्यातल्या एका बियाणं कंपनीत रजा आणि हजेरी सांभाळणारे क्लार्क. वय चौपन्न. मूळ गाव केदारखेडा, पण तिथली शेती थोरला भाऊ बघायचा. हे स्टेशनजवळच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचे. पाच महिन्यांपूर्वी गिरिजाबाई पुण्याला लेकीकडे गेल्या. इंद्रायणीची बाळंतपणाची रजा संपली होती आणि तान्हीला सांभाळायला कुणी नव्हतं. "पंधरा दिवसांत येते," असं सांगून गिरिजाबाई एसटीत बसल्या. ते पंधरा दिवस अजून चालूच होते.

सुरुवातीला तातेरावांना बरं वाटलं. (हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण वाटलं.) ओला टॉवेल पलंगावर टाकला तरी कुणी बोलत नव्हतं. चौथ्या दिवशी तोच टॉवेल तिथंच तसाच पडलेला दिसला, आणि बोलणारं कुणी नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यानंतर घर खायला उठलं. खिचडी करावी तर दोन माणसांची होई आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच खावी लागे.

फोन होता, नाही असं नाही. पण तो शेजारच्या द्वारकाबाईंच्या बैठकीत. दर रविवारी पुण्याहून फोन आला की द्वारकाबाई भिंतीवर थाप मारायच्या, आणि तातेराव शर्टाच्या गुंड्या लावत धावायचे. ते रिसिव्हर उचलायचे आणि तिकडे टीव्हीचा आवाज बारीक व्हायचा. द्वारकाबाई, त्यांची सून आणि सुनेची पाहुणी आलेली आई, तिघींचे शेंगा फोडणारे हात थांबायचे.

"हां. बरं हाय. नात बरी हाय ना? हां. मंग ठेवू?"

एकतीस वर्षांचा संसार एवढ्यात आटपायचा. 'करमत न्हाई, ये' एवढंच तर म्हणायचं होतं. पण सासरा झालेल्या माणसानं, शेजारणीच्या बैठकीत उभं राहून, तीन बायकांच्या देखत स्वतःच्या बायकोला करमत नाही म्हणायचं? जालन्यात राहायचं होतं त्यांना अजून.

पोस्टानं लिहिता आलं असतं. पण एकतीस वर्षांत त्यांनी बायकोला कधी पत्र धाडलं नव्हतं. एकाएकी पाकीट गेलं असतं, तर कोण वारलं म्हणून इंद्रायणीनं फोडायच्या आधीच गळा काढला असता.

अशात त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले. तीन. एकावर इंटरनेटही होतं. मॅनेजर रामराव सगळ्यांना म्हणाले, "आता सगळं याच्यावर. आन् ईमेल बी येतो याच्यात. इकडं दाबलं की मिनिटात पुण्याला."

पुण्याला म्हटल्याबरोबर तातेरावांनी मान वर केली.

त्यांनी आधी क्लास लावून पाहिला. म्हणजे क्लासच्या दारापर्यंत गेले. आत सगळ्या कॉलेजच्या मुली. शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, "कुणाचे पप्पा तुम्ही?" तातेराव म्हणाले, "चुकून आल्तो," आणि खाली उतरले. खाली रस्त्यावर एकाची सीड्यांची गाडी होती. भजनं, लावण्या आणि मारामारीचे सिनेमे यांच्या मधोमध तीन सीड्यांचा एक संच होता : 'घरबसल्या कॉम्प्युटर, सोप्या मराठीत.' पाकिटावर एक बाई हात जोडून उभी.

घरी कॉम्प्युटर नव्हता. पण जावयानं दिवाळीत दिलेला सीडी प्लेअर होता, आणि टीव्ही होता. तेवढं पुरे, असं गाडीवाला म्हणाला. तातेरावांनी संच घेतला. चूक म्हणायची तर ही पहिली.

सीडी घातली. पडद्यावर ती बाई आली, नमस्कार केला आणि म्हणाली, "नमस्कार. मी सुलभा. घाबरू नका. आपण अगदी सावकाश शिकणार आहोत."

तातेरावांनी नमस्कार केला. (घरात कुणी नव्हतं, पण रीत ती रीत.)

सुलभाताईंचा आवाज गोड होता. बोलणं पुस्तकातल्यासारखं शुद्ध. आणि त्यांची एक पद्धत होती : एखादी गोष्ट सांगून झाली की त्या विचारायच्या, "समजलं ना?" आणि मग थांबायच्या. चांगल्या तीन सेकंद थांबायच्या, तातेरावांकडे बघत. मग म्हणायच्या, "शाब्बास!"

शाब्बास हा शब्द तातेरावांनी शेवटचा ऐकला तो चौथीत, एकोणतीसचा पाढा न चुकता म्हटल्यावर. ऑफिसात तीस वर्षं हजेरी लावली, पण ती लागली म्हणून कुणी शाब्बास म्हणत नाही. चुकली तर मात्र मेमो मिळतो.

दोन-चार दिवसांत असं झालं, की ऑफिसातून आलं, हातपाय धुतले, भांग पाडला, की तातेराव सीडी लावायचे. मांडीवर पाट घ्यायचे. पाटावर माऊस म्हणून साबणाची डबी. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी स्वतः आखलेली बटणं. सुलभाताई म्हणायच्या, "आता डावं बटण दाबा." हे साबणाच्या डबीचा डावा कोपरा दाबून म्हणायचे, "हां जी, दाबलं." सुलभाताई म्हणायच्या, "समजलं ना?" हे म्हणायचे, "बराबर समजलं." पुढे पुढे तर त्या तीन सेकंदांत तातेराव डाळ करपल्याचंही सांगू लागले. तीन सेकंदांत मावेल एवढंच. सुलभाताई सगळं ऐकून घ्यायच्या आणि शाब्बास म्हणायच्या.

दुसरा धडा त्यांना पाठ झाला होता. तरी जेवताना तोच लावायचे. जेवताना समोर कुणीतरी बोलत असलं की घास उतरतो.

भिंतीपलीकडे द्वारकाबाईंचं शेंगा फोडणं पुन्हा थांबलं होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आता शिकलेलं ऑफिसात करून बघायचं, तर टीव्ही काही बरोबर नेता येत नाही. म्हणून तातेरावांनी दोनशे पानी वही केली आणि सुलभाताईंचा शब्द न् शब्द उतरवून घेतला. ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. क्लार्क माणूस नमुन्यावर जगतो. नमुन्यात जे असेल ते, जसंच्या तसं, काना-मात्रेचा फरक न करता. एकदा तरुणपणी त्यांनी एका छापील नमुन्यात स्वतःच्या अकलेनं दोन शब्द बदलले होते, तेव्हा औरंगाबादच्या मोठ्या ऑफिसातून विचारणा झाली होती. तेव्हापासून त्यांनी ऑफिसात अक्कल म्हणून वापरली नाही.

चौथा धडा होता 'संगणक आपलासा करा'. म्हणजे पडद्याचा रंग आपल्या आवडीचा ठेवा, आणि काम थांबलं की पडद्यावर आपल्या पसंतीची अक्षरं पळवा. सुलभाताई म्हणाल्या, "इथे आपल्याला हवं ते लिहा. मी लिहिते, सुलभाचे संगणकविश्व." तातेरावांनी वहीत उतरवलं आणि ऑफिसात जाऊन तसंच लिहिलं. पडदा गुलाबी केला. (त्यांना गुलाबी आवडत नव्हता. सुलभाताईंना आवडायचा.)

दुपारी रामराव टेबलाशी येऊन उभे राहिले. गुलाबी पडद्यावर इंग्रजी अक्षरांतलं सुलभाचे संगणकविश्व उजवीकडून डावीकडे पळत होतं.

"तातेराव, ही सुलभा कोण? हजेरीपटावर तर न्हाई."

"शिकवणाऱ्या बाई हैत, साहेब."

"मंग त्या तुमच्या कॉम्प्युटरवर कामून पळून राह्यल्या?"

"कामाला हात लावला की थांबतात, साहेब."

"म्हंजे तुम्ही सकाळपासून हात लावलेला न्हाई," असं म्हणून रामराव गेले.

तेव्हाच शहाणं व्हायचं. पण तातेरावांचं ध्यान सहाव्या धड्यावर होतं. सहावा धडा ईमेलचा.

ऑफिसचा ईमेल इंजिनिअरनं सुरू करून दिलेला होता. फक्त पाठवणाऱ्याच्या नावाचा रकाना भरायचा होता. तातेरावांच्या वहीत स्पष्ट लिहिलेलं होतं : पायरी तीन. नावाच्या रकान्यात 'सुलभा' लिहिणे. त्यांनी लिहिलं. पायरी चार, पायरी पाच. जावयाचा पत्ता त्यांनी इंद्रायणीकडून चिठ्ठीवर आधीच मागवून घेतला होता. आणि मग मोकळी पांढरी जागा आली. इथे काय लिहायचं ते सुलभाताईंनी ज्याच्या त्याच्यावर सोडलं होतं.

पहिली अडचण मायन्यात आली. गिरिजाबाईंना त्यांनी कधी नावानं हाक मारलेली नव्हती. एकतीस वर्षं 'ऐकलं का' वर भागलं होतं. तेव्हा इंग्रजी अक्षरांत, एका बोटानं, त्यांनी तेच टाइप केलं : ऐकलं का.

पुढे लिहिलं : मला इथं करमत नाही.

आणि त्यांना घाम फुटला. पत्ता जावयाचा! म्हणजे हे पहिल्यांदा जावई वाचणार. मग इंद्रायणीला मोठ्यानं वाचून दाखवणार. ती हसणार, मग दोघं मिळून सासूबाईंना बोलावणार. द्वारकाबाईंच्या बैठकीतून सुटका करून घ्यायला माणूस एवढा शिकला, तर पुण्यात दुसरी बैठक तयार!

तातेरावांनी ती ओळ मागून पुढे खोडली. एकेक अक्षर. (खोडायचं बटण त्यांना सगळ्यात चांगलं जमायचं.) आणि मानी माणसानं लिहावं तसं लिहिलं :

'ऐकलं का. इथलं सगळं मजेत आहे. तुझ्यावाचून काही अडत नाही. स्वयंपाक रोज वेळेवर होतो. तुझ्या पेटीतल्या साड्या काढून उन्हात घातल्या. काळजी करू नये. सावकाश ये.'

खाली सही काय करायची? बायकोला पत्रात स्वतःचं नाव कोण लिहितं? तिला ते तोंडानं घेता येत नाही, आणि यांना तिला सांगायची कधी गरज पडली नाही. खाली काहीच लिहिलं नाही. 'पाठवा' दाबलं. पत्र मिनिटात पुण्याला गेलं.

पुण्यात काय झालं ते तातेरावांना नंतर कळलं. जावई ऑफिसातून घरी आला तो कागद छापूनच. त्यावर वर नाव होतं सुलभा, आणि खाली कुणाचंच नव्हतं. त्यानं ते सासूबाईंना वाचून दाखवलं, आणि चष्मा काढून विचारलं, "आई, ही सुलभा कोण?"

तुझ्यावाचून काही अडत नाही. स्वयंपाक रोज वेळेवर होतो. तुझ्या पेटीतल्या साड्या काढल्या. सावकाश ये.

गिरिजाबाईंनी नातीला लेकीच्या मांडीवर ठेवलं आणि द्वारकाबाईंना फोन लावला.

"द्वारकाबाई, खरं सांगा. माझ्या घरात कोण बाई हाय?"

द्वारकाबाईंनी टीव्ही बंद केला. (हे त्यांनी आयुष्यात प्रथमच केलं.) "आता तुम्हीच इचारलं म्हणून सांगते, बाई. दिसली न्हाई कव्हा, पर आवाज येतो. रोज संध्याकाळी. लई शिकलेली हाय, गोड बोलती. भाऊ बी तिला हां जी, हां जी करून राह्यलेत. जेवताना बी ती, आन् भांग पाडून बसतेत!"

"भांग?" गिरिजाबाई म्हणाल्या. त्यांच्यासाठी तातेरावांनी शेवटचा भांग पाडला तो लग्नात, आणि तोही मामानं पाडला होता.

रविवारी दुपारी तातेराव पाट मांडीवर घेऊन बसले होते. दार वाजलं नाही, उघडलंच. दारात गिरिजाबाई, हातात पिशवी, चेहरा उन्हानं आणि बाकी कशाकशानं लाल.

"कुठंय ती?"

तातेराव उभे राहिले. साबणाची डबी गडगडत पलंगाखाली गेली. त्यांना एवढा आनंद झाला होता की तोंडातून शब्दच फुटेना, आणि ज्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही तो चोर, हे गिरिजाबाईंना दिसतच होतं.

तेवढ्यात टीव्ही म्हणाला, "समजलं ना?"

गिरिजाबाईंनी वळून पाहिलं. सुलभाताई तीन सेकंद त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "शाब्बास!"

सगळा उलगडा व्हायला अर्धा तास लागला. वही दाखवावी लागली. पायरी तीन गिरिजाबाईंनी दोनदा वाचली आणि कपाळाला हात लावला. "बाईनं स्वतःचं नाव लिव्हलं, तर तुम्ही बी तिचंच लिव्हलं? उद्या ती म्हणंल माझ्या नवऱ्याचं नाव लिव्हा!"

"नमुन्यात तसं व्हतं," तातेराव म्हणाले.

मग त्या हसायला लागल्या. पदरानं डोळे पुसपुसून हसल्या, आणि भिंतीपलीकडून द्वारकाबाईही कशाचं ते न कळता हसल्या. हसू ओसरल्यावर गिरिजाबाईंनी पेटीकडे बघितलं.

"आन् साड्या कामून काढल्या व्हत्या?"

इथे थाप मारायची सोय नव्हती. तातेराव जमिनीकडे बघत म्हणाले, "पेटी उघडली की तू घरात असल्यासारखा वास येतो. म्हणून उघडायचो. लई बार उघडली, तर वास कमी व्हायला लागला. मंग कुणी इचारलं तर काही कारण पाहिजे, म्हणून उन्हात घातल्या."

 गिरिजाबाई उठून पीठ मळायला बसल्या. त्या दिवशी तातेरावांनी पाच भाकरी खाल्ल्या.

आठ दिवस त्या राहिल्या. टॉवेलावरून रोज बोलणी बसायची आणि तातेराव मुद्दाम तो पलंगावर टाकायचे. संध्याकाळी दोघं मिळून सुलभाताईंची तिसरी सीडी बघायचे, जी तातेरावांनी अजून उघडली नव्हती. तीत अर्जांचे नमुने होते. गिरिजाबाई सातवी पास, इंग्रजी अक्षरं ओळखायच्या, आणि नमुन्यावर जगायची सवय नसल्यामुळे झपाट्यानं शिकल्या.

नवव्या दिवशी पुण्याहून फोन आला. नातीला दात येत होते, ताप होता, इंद्रायणीची सुट्टी संपली होती. तातेराव त्यांना स्टँडवर सोडायला गेले. एसटी लागल्यावर गिरिजाबाई म्हणाल्या, "त्या सीड्या मी घेतल्या हैत पिशवीत. म्हंजे जावईबापूंच्या हातापाया पडायला नको. इंद्रायणीच्या घरी कॉम्प्युटर हाय, त्यावर माझा येगळा पत्ता काढून माझी मीच लिहीन. आन् तुम्ही बी मनात असंल ते मोकळं लिव्हा. पहिल्यांदा मीच उघडत जाईन."

एसटी गेली. तातेराव घरी आले. एक बाई गेली होती ती गेलीच, दुसरीही तिच्याच पिशवीत बसून गेली होती. त्या संध्याकाळी जेवताना घरात फक्त घड्याळ वाजत होतं, आणि तातेरावांना आपण वाडगं भरून रडू शकतो असं वाटलं. पण रडले नाहीत. एकट्यानं रडून कुणाला दाखवायचं?

आठवड्यानं ऑफिसात ईमेल आला. पाठवणाऱ्याच्या रकान्यात नाव होतं : गिरिजा. मजकूर तिसऱ्या सीडीतल्या रजेच्या अर्जाचा, फक्त जागा भरलेल्या.

'प्रति, श्री. तातेराव यांना. विषय : रजा वाढवून मिळणेबाबत. अर्ज करते की, नातीला दात येत असल्याने मला आणखी दोन महिने रजा मिळावी. तोवर आपणांस तिथे करमेल काय, ते कृपया मोकळेपणी कळवावे. आपली विश्वासू.'

एकतीस वर्षांत बायकोनं पहिल्यांदा त्यांचं नाव घेतलं होतं, आणि ते लेखी घेतलं होतं. परवानगीही पहिल्यांदाच मागितली होती. शिवाय नेमकं तेच विचारलं होतं. तातेरावांनी अर्ज अकरा वेळा वाचला. आजूबाजूला बघितलं. रामराव जेवायला गेले होते. आता मध्ये ना जावई, ना द्वारकाबाई. आता फक्त दोन शब्द लिहायचे : करमत नाही.

डोळ्यांपुढे धुकं होतं. बोटं मात्र आपल्या वळणानं चालली. तीस वर्षांत त्या बोटांखालून हजारो रजेचे अर्ज गेले होते, आणि प्रत्येकाच्या खाली त्यांनी एकच शेरा मारला होता. त्यांनी 'पाठवा' दाबलं, चष्मा पुसला, आणि आपण काय पाठवलं ते वाचलं.

'हरकत नाही.'

खोडायचं बटण त्यांनी दहा वेळा दाबलं. गेलेलं पत्र त्यानं परत येत नाही, एवढं तातेरावांना तेव्हा समजलं. दुसरं पत्र लिहायला त्यांनी पहिलं अक्षर शोधायला घेतलं, तोवर पुण्याहून उत्तर आलंसुद्धा :

'लई आभारी आहे. मला वाटलं, तुम्ही नाही म्हणाल. हरकत नसेल तर मग दिवाळी करूनच येते.'